उशीसाठी एक ओळ

माझ्या ताईच्या निवाऱ्यात प्रत्येक डुकराला स्वतःची एक ओळ आहे. ओळ म्हणजे गाण्याची. नवीन डुक्कर आलं की ताई त्याला नाव देते, डॉक्टर त्याला सुई देतात आणि मी त्याला ओळ देते. जेवणाच्या वेळी मी कुंपणापाशी उभी राहते. ज्याची ओळ म्हणेन त्याने यायचं, आपलं खायचं, बाजूला व्हायचं. त्यामुळे एकाच परातीवर सगळ्यांची झुंबड उडत नाही आणि दुबळ्याचा घास दांडग्याच्या पोटात जात नाही. ही पद्धत मी इथे राहायला आले तेव्हापासूनची. त्याआधी ताई नुसती ओरडायची.

हे सांगताना माझा आवाज जरा चढतो, मला माहीत आहे. पण तुम्हीच बघा. जन्मभर प्राथमिक शाळेत गाणं शिकवलं. तिथे मी सूर लावला की मुलं उठून दाराकडे जायची. इथे मी सूर लावला की श्रोते उठून माझ्याकडे येतात, तेही धावत, तेही पोट जमिनीला घासत. एवढं कौतुक कुणाच्या वाट्याला येतं?

भावजींचं मत निराळं आहे.

"कवयित्रीबाई," ते विचारतात, "गाताना तुमच्या डाव्या हातात काय असतं?"

"बादली."

"मग झालं तर."

मी मनावर घेत नाही. भावजींनी सगळी नोकरी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली. वर आणि खाली या दोनच भावना त्यांना ठाऊक.

आमची डुकरं लोंबत्या पोटाची, ठेंगणी, बहुतेक काळी. कुणीतरी तळहातावर मावणारं पिल्लू विकतं, 'हे एवढंच राहतं' असं सांगतं, आणि घेणारा विश्वास ठेवतो. मग ते सोफ्याएवढं होतं. मग सोफा मोडतं. मग एक दिवस आमच्या फाटकाशी गाडी थांबते आणि आतला माणूस आमच्या डोळ्याला डोळा न भिडवता म्हणतो, फार गोड आहे हो. असा एक एक गोड जीव करत ताईचा कळप झाला. त्यातल्या अध्यक्षांना सगळ्यांच्या मध्ये बसल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांची ओळ अशी:

*अध्यक्ष महाराज, उठा, झोप पुरे झाली,*
*काकडीच्या सालीने सभा बोलावली.*

दोन डुकरिणी एकाच घरातून आल्या. एकमेकींशिवाय झोपत नाहीत आणि एकमेकींना चावल्याशिवाय उठत नाहीत, म्हणून त्यांचं नाव जावा.

*थोरल्या जाऊबाई, धाकटीला वाट दे,*
*भांडण संध्याकाळी, आधी दोन घास घे.*

तर पानगळीच्या दिवसांत उशी आली.

तिला घेऊन आलेला माणूस तिच्या मालकिणीचा भाचा होता. मालकीण म्हातारी, एकटी, तिसऱ्या मजल्यावर राहणारी. तिला झटका आला, वाचा गेली, आणि दवाखान्यातून तिला थेट वृद्धाश्रमात नेलं. भाच्याला घर रिकामं करायचं होतं आणि त्या घरात सगळ्यात जड वस्तू ही होती. ती इतकी जाड होती की कपाळावरची चरबी घडी पडून डोळ्यांवर उतरली होती. डोळे होते, पण आत कुठेतरी. तिला दिसत काहीच नव्हतं.

"खाते काय ही?" ताईने विचारलं.

"काहीही," भाचा म्हणाला. "खाण्याचं टेन्शन घेऊ नका."

तिच्याकडे बघून आम्हाला ते पटलं.

उशीने खाल्लं नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आवारातल्या आजारी प्राण्यांच्या खोलीत गवताच्या बिछान्यावर ती तोंड भिंतीकडे करून पडून राहिली. भोपळा ठेवला, कोबी ठेवला, खाद्याच्या गोळ्या पाण्यात भिजवून ठेवल्या. तिने नाकही हलवलं नाही. डुक्कर आणि नाक हलवत नाही म्हणजे काय, ते ताईला लगेच कळलं. ती जेवताना अर्ध्यातून उठून जाऊन तिला बघून येऊ लागली.

"एवढा साठा आहे अंगावर," भावजी म्हणाले, "थोडे दिवस उपास घडला तर बरंच की."

"तसं नसतं काका," डॉक्टर म्हणाल्या. आमच्या डॉक्टर वयाने लहान आहेत, पण डुकराला कातडीखाली सलाईन लावताना त्यांचा हात एवढासाही हलत नाही. "ती पाणीही पीत नाहीये. डुकराने पाणी सोडलं की मेंदूवर येतं. उद्या संध्याकाळपर्यंत बघू. तोंड लावलं नाही तर दवाखान्यात नेऊन पोटात नळी घालावी लागेल. त्यासाठी भूल द्यावी लागेल. आणि या वयात, या वजनात ती भुलीतून उठेलच असं मी सांगणार नाही."

ताईने उशीच्या कानामागे हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

मी मात्र बोलले. मी म्हणाले, "तिला अजून तिची ओळ मिळाली नाहीये, म्हणून असं होतंय."

आता वाटतं, त्या क्षणी भावजींनी माझ्या डोक्यावर बादली पालथी घालायला हवी होती.

पण माझा विचार पक्का होता. हा जीव तिसऱ्या मजल्यावर चार भिंतींत वाढला. याला माती माहीत नाही, वारा माहीत नाही. याच्या पायाखाली कायम गुळगुळीत फरशी. याला आभाळाची ओळख करून द्यायला हवी, आणि ते काम शब्दांशिवाय कोण करणार? मी बिछान्याशेजारी मोडकं स्टूल घेऊन बसले आणि सुरू केलं:

*मऊ माझ्या उशीबाई, कुठे गं तुझं घर?*
*मातीचं हे अंगण, आभाळाचं छप्पर.*

उशीने श्वास सोडला. मला वाटलं, दाद आहे.

*ऊठ माझ्या उशीबाई, डोळ्यांवर आली साय,*
*पानापानात ऊन गं, बघ तरी आहे काय.*

आंधळ्या डुकरिणीला मी ऊन बघायला सांगत होते. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी तो शब्द बदलून 'ऐक' केला, मग मात्रा चुकल्या म्हणून पुन्हा 'बघ' केला. तिच्या जिवावर बेतलं होतं आणि मी मात्रा मोजत होते. वाऱ्यावर ओळ झाली, मातीवर झाली, खिडकीबाहेरच्या झाडावर तर एकापाठोपाठ एक झाल्या. खोलीत मावेना इतका निसर्ग मी तिच्यापुढे आणून ओतला. ती भिंतीकडे तोंड करूनच राहिली. शेजारच्या गोठ्यातून अध्यक्ष मात्र प्रत्येक ओळीला उठून कुंपणाशी येत होते आणि हात हलवत परत जात होते. हात म्हणजे शेपूट.

दुसऱ्या दिवशी गारठा वाढला. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, तिला घरात आणा, उबेत ठेवा. मग आम्ही तिघांनी आणि खाद्याची गाडी घेऊन आलेल्या ड्रायव्हरने तिला जाड घोंगडीवर घेतलं आणि घोंगडीची चार टोकं धरून आवार ओलांडलं. ड्रायव्हर म्हणाला, "मी पियानो उचललेत, पण पियानो असा उसासे टाकत नाही." तिला स्वयंपाकघरामागच्या खोलीत ठेवलं. मधल्या दाराला गुडघ्याएवढी फळी लावली, म्हणजे आमचं येणंजाणं तिला ऐकू यावं पण पायात येऊ नये. पायात यायची तिची काही इच्छा नव्हतीच.

दुपारी ताई थकून आडवी झाली. भावजी फाटकाचं बिजागर काढून बसले होते. घर शांत. मी उशीजवळ बसून तिची शेवटची, सगळ्यात चांगली ओळ जमवत होते. जमली. खरंच चांगली जमली होती. डोळ्यांत पाणी आलं माझ्याच, आणि पाठोपाठ भूक लागली. कवितेने मला नेहमी भूक लागते. म्हणून ती ओळ गुणगुणत मी फळी ओलांडून स्वयंपाकघरात गेले, फ्रीज उघडला आणि त्यात डोकं घालून ताईने कुणासाठी तरी ठेवलेली द्राक्षं शोधू लागले.

मागे खुरांचा आवाज आला.

वळून बघते तर उशी उभी. फळीवर हनुवटी टेकवून, नाक वर करून, शेपटीचा पंखा करून उभी. आणि घशातून आवाज काढत होती, बारीक, लांबलचक, जुन्या दाराच्या कुरकुरीसारखा. मी ओळ थांबवली नाही. थांबवायची छाती झाली नाही. गात गात तिच्यापुढे द्राक्ष धरलं. तिने घेतलं. दुसरं घेतलं. मग काकडी घेतली, मग भांड्यातलं पाणी इतकं प्यायली की भांडं घसरत खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलं आणि तीही त्याच्या मागे गेली.

मी ताईला उठवलं नाही, तिच्या अंगावर पडले.

"ताई, ओळ लागली. माझी ओळ लागली गं तिला."

ताई केस न बांधता धावत आली. रिकामं भांडं बघितलं, फरशीवरची द्राक्षाची देठं बघितली आणि खाली बसून रडली. द्राक्षं कुणासाठी होती ते तिने विचारलंही नाही. भावजी बिजागर हातात घेऊन दारात उभे राहिले. म्हणाले, "बादली नव्हती?"

"नव्हती," मी म्हणाले. "दोन्ही हात मोकळे होते." गाताना एका हातात फ्रीजचं दार होतं, हे मला तेव्हा आठवलं नाही.

मग मी काय केलं ते सांगायलाच हवं. साडी बदलली. डॉक्टर संध्याकाळी येणार होत्या ना. मी केस विंचरले, घसा शेकला, आणि भावजींना स्वयंपाकघरात कसलीही खुडबुड करायची नाही अशी तंबी दिली. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुख्याध्यापकांपुढेही मी इतकी नटले नव्हते.

डॉक्टर आल्या. उशी पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली होती. आम्ही तिघं आणि डॉक्टर तिच्याभोवती उभे राहिलो. मी सूर लावला आणि ती ओळ म्हटली.

उशी हलली नाही.

पुन्हा म्हटली, जरा वरच्या पट्टीत. नाही. मग आठवलं, मी चालत होते. चालत म्हटली. मग आठवलं, पाठमोरी होते. चौघांकडे पाठ करून भिंतीला तोंड देऊन म्हटली. एव्हाना मी आणि उशी दोघीही भिंतीकडे बघत होतो आणि तिच्या तुलनेत मीच जास्त आजारी दिसत असणार.

"धाकटे, पुरे," ताई हळूच म्हणाली.

"थांब गं, पट्टी चुकतेय."

डॉक्टर गुडघ्यावर बसल्या. उशीच्या हिरड्या बघितल्या, पोटाला कान लावला. मग माझ्याकडे बघून, अगदी जपून म्हणाल्या, "मावशी, कधी कधी जाण्याआधी असा एक उठाव येतो. एकदाच खातात, छान वाटतं. त्यावर विसंबून चालत नाही. मी हिला आत्ताच नेते. थांबण्यात अर्थ नाही."

खोलीतली ऊब एकदम कमी झाल्यासारखी झाली. ताई घोंगडी आणायला वळली. मी म्हणाले, "अजून एकदाच," पण आवाज निघाला नाही. ज्या गळ्याने दुपारी मिरवत होते तो नेमका आता बसला.

भावजींना दुःख झालं की ते चहा करतात. त्यांना दुसरं काही येत नाही. माझी तंबी विसरून ते फळी ओलांडून गेले, पातेलं ठेवलं आणि दूध काढायला फ्रीज उघडला. रबर सुटल्याचा आवाज आला. च्चप.

उशी उठली.

ती एका झटक्यात नाही उठली, पुढचे पाय, मग श्वास, मग मागचे पाय अशी उठली. डॉक्टरांना ढकललं, माझ्या बदललेल्या साडीवर पाय देऊन गेली आणि फळीवर हनुवटी टेकवून उभी राहिली. शेपटीचा पंखा. जुन्या दाराची कुरकुर.

भावजींनी दुधाची पिशवी हातात धरून एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा दाराकडे. सावकाश दार बंद केलं. कुरकुर थांबली. उघडलं. च्चप. सुरू झाली. जुनी लिफ्ट तपासताना कारागीर तपासतो तसं त्यांनी ते आणखी एकदा करून खात्री केली. मग माझ्याकडे वळून अत्यंत आदराने विचारलं,

"कवयित्रीबाई, ही ओळ कुणाची?"

आधी डॉक्टर हसल्या, मग ताई. तिचं हसणं आणि रडणं एकाच खिडकीतून येतं, त्यामुळे नक्की काय चाललंय ते सांगता येत नाही. ती भोपळा, काकडी, उरलेली द्राक्षं असं हाताला लागेल ते फ्रीजमधून काढून उशीला देत होती आणि उशी ते डोळे मिटून खात होती. अर्थात तिचे डोळे मिटलेलेच होते. डॉक्टरांनी सलाईनची बाटली पिशवीत परत ठेवली. "दवाखान्याचं रद्द," त्या म्हणाल्या. "मात्र हा फ्रीज बिघडू देऊ नका."

मी मागच्या पायरीवर जाऊन बसले. फ्रीजकडून हरणं ही काही लहानसहान गोष्ट नाही. त्याला ना सूर ना शब्द, एकच अक्षर, तेही रबराचं. बराच वेळ मी साडीवरचा खुराचा डाग बघत राहिले. मग हळूहळू डोळ्यांपुढे ते तिसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर आलं. गुळगुळीत फरशी. सकाळी एक म्हातारी पाय ओढत येते, दार उघडते, आणि ज्याला दिसत नाही असा एक जीव त्या एका आवाजावर तिच्याकडे जातो. किती वर्षं. त्या घराला ना मातीचं अंगण होतं ना आभाळाचं छप्पर, आणि उशीला तेच घर हवं होतं. ती म्हातारी दार उघडताना नक्की काहीतरी म्हणत असेल. काय ते आता ती सांगू शकत नव्हती.

आत जाऊन मी फळी काढली आणि उशीच्या पुढचं भांडं भरलं. गायले नाही.

पण डुकरीण काही कायमची स्वयंपाकघरात ठेवता येत नाही, तिला कळपात जायला हवं होतं. म्हणून भावजींनी भंगारवाल्याकडून बंद पडलेला एक फ्रीज आणला, दाराला नवं रबर बसवलं आणि तो आवारातल्या शेडमध्ये भिंतीला टेकवून उभा केला. मोटार नाही, दिवा नाही, पण दार एक नंबर. आता उशीचं जेवण त्यात असतं आणि ते दार उघडायचं काम माझ्याकडे आहे. गाण्याच्या बाईची बढती होऊन ती मूठ झाली.

आणि यात भर म्हणजे बाकीच्यांनीही ते उचललं. अध्यक्षांनी तर पहिल्याच आठवड्यात पक्ष बदलला. हल्ली मी त्यांची ओळ म्हणते तेव्हा ते माझ्याकडे न बघता फ्रीजकडे बघत बसतात. जावांचं भांडण त्या च्चपसरशी थांबतं, जे मला कधीच साधलं नव्हतं. भावजी येऊन उभे राहतात, ऐकतात आणि म्हणतात, "चाल बरीच सोपी आहे, नाही?"

डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे मोजून खाऊ घालत गेलो. उशी बारीक होत गेली. कपाळाची घडी थोडी थोडी वर सरकली, आणि झाडांना पालवी फुटली त्या सुमाराला एका सकाळी मला तिचे डोळे दिसले. तांबूस, लहान, लांब पापण्यांचे. मी खाली बसले. मनात म्हटलं, आता बघ बाई, इतके दिवस तुला खाऊ घालणारी ती हीच.

तिने बघितलं. मग माझ्या पलीकडे फ्रीजकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे. हे काय, असं विचारावं तसं. आणि बसून राहिली.

मी उठून मूठ ओढली. रात्रीच्या दमटपणाने रबर चिकटून बसलं होतं, दार उघडेना. पाय भिंतीला लावून ओढलं, तरी नाही. मागून कुरकुर सुरू झाली. मी पाठमोरीच, जोर लावता लावता म्हणाले, "थांब गं बाई, उघडते हं."

कुरकुर थांबली. उशी आली, माझ्या चपलेवर हनुवटी ठेवली आणि तशीच पडून राहिली. दार बंद होतं, च्चप झालं नव्हतं, हातात बादलीही नव्हती. ती थांबली.

मी दार ओढायचं सोडलं. मग पुन्हा म्हटलं, "उघडते हं." तिचा कान हलला. ना यमक ना मात्रा, आभाळ नाही, पान नाही, कुठल्याही स्वयंपाकघरात कुठल्याही म्हातारीने रोज म्हणावं असं ते बोलणं. पण आता रोज तेच म्हणते.

भावजींना हे सांगितलेलं नाही. ते म्हणतील, रबराला तेल लावलं असतं तर एवढीही ओळ लागली नसती.